पिस्ता रंगाची फियाट

"दादा, ही बाई तुमची कोन?"

एका म्हातारीने माझ्या फोटोवर बोट ठेवून हे विचारलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. पेणमधल्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं. ही कल्पना माझा मित्र काळुराम याची. आम्ही दोघं धाटावच्या एका केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं एकत्र होतो. तो पेणचा, मी रोह्याजवळच्या वरसेचा. रिटायर झाल्यावर त्याला काहीतरी उद्योग हवा होता. त्याने घरोघरी फिरून तांब्याचा बंब, वातीचा स्टोव्ह, कोळशाची इस्त्री, डायलचा फोन, चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर, असं काय काय गोळा केलं. मला म्हणाला, "दिन्या, तू तुझ्या फियाटचा फोटो आण. आपल्या बॅचमधली पहिली गाडी तुझी."

म्हणून मी फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला होता. पिस्ता रंगाची फियाट, आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभी असलेली माझी बायको चंद्रावती. फोटो मीच काढलेला, ब्याण्णव सालच्या दिवाळीत.

"माझी मिसेस," मी म्हणालो.

"हाय का अजून?"

"हाय म्हणजे? घरी हाय वरश्याला. गुडघा दुखतो म्हणून आली नाय."

म्हातारीने शेजारची खुर्ची ओढली आणि मटकन बसली. साठीच्या आसपासची, उन्हाने रापलेली, पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटातली बाई. तिच्या मागे पंचविशीतला एक मुलगा उभा होता. त्याच्या नखांत रंग अडकलेला. ती त्याला म्हणाली, "जगन, फोटूला हात जोड."

मुलाने खरंच हात जोडले. मला काही कळेना. मला वाटलं, हिला फोटोत कुठली देवीबिवी दिसली की काय.

"दादा, माजं नाव काशीबाई. ह्यो माजा पोरगा. ह्या गाडीत झाला ह्यो."

"कुठल्या गाडीत?"

"ह्याच. आनि ही बाई गाडी चालवत व्हती."

मी हसलो. दुसरं काय करणार? तिला समजावलं, "काशीबाई, तुमची काहीतरी चूक होतेय. माझ्या बायकोला सायकलसुद्धा येत नाय. तशा गाड्या तेव्हा खूप होत्या."

"गाड्या व्हत्या. गाडी चालवनारी बाई कंदी बगितली व्हती आमी?" ती म्हणाली. "मी काय तिचं तोंड इसरंन?"

मग तिने सगळं सांगितलं. त्र्याण्णव सालचा माघ महिना. ती मिठागरात कामाला जायची. दिवस भरत आले होते तरी जात होती. एका सकाळी कळा सुरू झाल्या. नवरा होडीवर गेलेला, गावात गाडी नाही. सासू धोंडुबाई तिला बांधावरून चालवत डांबरी रस्त्यापर्यंत घेऊन आली. तिथे एसटीची वाट बघत दोघी बसल्या. एक ट्रक गेला, थांबला नाही. एक जीप गेली, थांबली नाही. मग ही हिरवट गाडी आली. ती पुढे गेली आणि तशीच मागे मागे येऊन त्यांच्यापाशी थांबली.

"बाईनं दार उघडलं आनि म्हनाली, बसा. सासू इचारते, मालक कुठं? तर म्हने, मालक कामावर, तुमी बसा आदी."

पेणच्या दवाखान्यापर्यंत पोचायच्या आतच बाळंतपण झालं. एका आंब्याखाली गाडी उभी करून धोंडुबाईने नातू हातात घेतला. त्या बाईने गाडीच्या मागच्या सीटचं कव्हर ओढून काढलं, त्यात मूल गुंडाळलं, आणि पुन्हा गाडी सुरू करून तिघांना दवाखान्याच्या दारात नेऊन सोडलं.

"नाव इचारलं तर सांगितलं नाय. 'मना तीनच्या आत घर गाठायचंय' म्हनाली नि गेली. आमी लय शोदली दादा. धा वर्सं शोदली."

"कव्हर कसलं होतं?" मी विचारलं.

"हिरवं. लोकरीनं इनलेलं. कडंला पिवळी फुलं."

ते कव्हर चंद्रावतीने स्वतः विणलं होतं. आणि ते कसं हरवलं, हे मला चांगलं आठवत होतं.

काळुराम धावत आला. "काय रे, घाम का फुटला तुला? बस, पाणी पी." मी पाणी प्यायलो. काशीबाई आणि जगन काळजीने माझ्याकडे बघत होते. जगनने त्याचा मोबाइल नंबर एका कागदावर लिहून दिला. तो पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतो. म्हणाला, "काका, त्यांना सांगा, आई भेटायची म्हणतेय." मी मान हलवली. फोटो तिथेच ठेवून मी एसटी पकडली.

पेण ते रोहा दीड तासाचा रस्ता. वडखळ कधी गेलं, नागोठणं कधी गेलं, काही कळलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं. माझी गाडी. माझी बायको. मला माहीत नाही.

ती गाडी मी कशी जपली होती, हे कोणालाही विचारा. एक्याण्णव साली कंपनीतल्या एका बदली झालेल्या साहेबाकडून घेतली. किलोमीटरचा काटा बंद होता, पेट्रोलचा काटा स्वतःच्या मर्जीने हलायचा, पण आमच्या आळीतली ती पहिली गाडी. ती आली तेव्हा शेजारच्या हौसाकाकूंनी पाच सुवासिनी जमवून पूजा केली होती. मी पहिल्या शिफ्टला कंपनीच्या बसने जायचो, गाडी घरी झाकून ठेवायचो. फक्त रविवारी काढायचो, तेही पाऊस नसला तर. चंद्रावती रोज सकाळी तिला फडक्याने पुसायची. एकदा ती स्टिअरिंगला हात लावून बसलेली दिसली तेव्हा मी म्हणालो होतो, "उतर खाली. हे बाईमाणसाचं काम नाय." ती उतरली होती.

आणि त्र्याण्णव सालच्या माघातला तो दिवस. मी पावणेचारला घरी आलो तर ती बादली घेऊन मागची सीट धूत होती. पाणी लालसर. मी विचारलं, हे काय? म्हणाली, कोकम सांडलं माझ्या हातून. कव्हर कुठाय? म्हणाली, डाग जाईना, टाकून दिलं. माझं डोकं फिरलं. भर अंगणात, शेजारपाजारच्यांसमोर मी तिला काय काय बोललो. बादलीला लाथ मारली. ती घरंगळत गटारापर्यंत गेली. आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. आणि त्या दिवसापासून गाडीची चावी मी कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवायला लागलो.

दुसऱ्याच्या बाळंतपणाचं रक्त धुवत होती ती. आणि मी बादलीला लाथ मारली.

घरी पोचलो तेव्हा चंद्रावती ओट्याशी उभी राहून वालाच्या बिरड्या सोलत होती. आमची मुलगी मालू आलेली होती. ती वरश्यालाच दोन गल्ल्या सोडून राहते, बँकेत आहे. मला बघून चंद्रावती म्हणाली, "लवकर आलात? जेवण नाय केलंत तिथं?"

मी चपला न काढताच विचारलं, "तू गाडी चालवायचीस?"

तिचे हात थांबले. मालूने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"कोण म्हणालं?" चंद्रावतीने विचारलं.

"काशीबाई. तुझ्या गाडीत जिचं बाळंतपण झालं ती."

"अगो बाई," चंद्रावती म्हणाली आणि बिरड्यांचं ताट तिने बाजूला ठेवलं. "जगली का ती? आणि पोरगा? पोरगा बरा हाय?"

मी तिथे उभा, माझा सगळा संसार उलटापालटा झालेला, आणि हिचा पहिला प्रश्न हा.

"बरा हाय. मूर्त्यांचे डोळे रंगवतो. तुझ्या फोटोला हात जोडले त्यानं."

तिने पदराने डोळे पुसले. मी स्टुलावर बसलो. "चंद्रा, हे खरं हाय?"

"व्हय."

"कोणी शिकवलं तुला?"

"ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी. रोह्याला."

"कधी?"

"शिवणक्लासला जायची ना मी, तीन महिने? तेव्हा."

मला शिवणक्लास आठवला. दुपारी दोन ते तीन. तीन महिने ती जात होती आणि शेवटी एक परकर काही तिला धड शिवता आला नव्हता. मी कंपनीत सगळ्यांना सांगून हसवायचो.

"लायसन पण हाय," ती म्हणाली. आत गेली. पत्र्याची ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक छोटी काळपट पुस्तिका होती. मी उघडली. आतमध्ये बत्तीस वर्षांची चंद्रावती, दोन वेण्यांची, ताठ मानेने समोर बघतेय. शिक्का, सही, तारीख. नवऱ्याचं नाव: दिनानाथ. माझंच नाव, माझ्याच घरात, माझ्यापासून लपवलेल्या कागदावर. ते लायसन मी उलटं केलं, सुलटं केलं.

"आर.टी.ओ.चे साहेब शिबिराला आले होते तेव्हा परीक्षा दिली," ती सांगत होती. "आठ काढायला लावलं. एका दमात काढलं मी. बाजूचे दोन बापे नापास झाले."

"आणि मग? कुठं कुठं जायचीस?"

"माहेरी, पेणजवळ खारेपाटात. तुमची पहिली शिफ्ट असली की. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. तुमची बस गेली की निघायची, तीनच्या आत परत. पुसून, झाकून ठेवायची."

"पेट्रोल?"

ती जराशी घुटमळली. "मिठावर."

"कसलं मीठ?"

"जनू मिठागरातनं पोती भरून द्यायचा. डिकीत टाकून आणायची. इथं आणि धाटावला बायकांना विकायची. त्यातनं पेट्रोल निघायचं. आळीतल्या बायकांना स्वस्तात द्यायची, म्हणून कोणी तुमाला सांगितलं नाय."

जनू म्हणजे माझा मेव्हणा. पंचवीस वर्षं माझ्याबरोबर माझ्याच घरी दिवाळीचा फराळ करतोय, आणि एक शब्द बोलला नाही! आणि डिकी! त्या गाडीची डिकी खालून गंजून चाळण झाली होती. ज्या साहेबाने गाडी विकली, त्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा मुद्दाम गेलो नव्हतो.

मालू हळूच म्हणाली, "बाबा, मला ठाऊक होतं."

"तुला? तू तर सात-आठ वर्षांची होतीस."

"मे महिन्यात शाळा नसायची ना. मी मागच्या सीटवर आडवी पडून जायचे, कोणाला दिसू नये म्हणून. आई लिमलेटच्या गोळ्या द्यायची. नागोठण्याच्या पुढे गेलं की उठून बसायचं, असं ठरलेलं होतं आमचं."

या घरात मी राहिलो, की नुसता मुक्कामाला यायचो?

"मला का नाय सांगितलंस?" मी विचारलं. रागावून विचारायचं होतं, पण आवाजात राग आलाच नाही.

"सांगितलं असतं तर चालवू दिली असतीत?"

उत्तर तिला ठाऊक होतं आणि मलाही.

"पण त्या दिवशी? त्या दिवशी तरी सांगायचं. मी एवढा बोललो तुला. सगळ्यांसमोर."

"त्या दिवशी सांगणारच होते," ती म्हणाली. "रस्ताभर ठरवत आले. म्हटलं, एवढं मोठं झालंय, आता लपवायचं नाय. आल्या आल्या सांगायचं. सीट धुता धुता तुमची वाट बघत होते. तुमी आलात आणि पयलं काय इचारलंत? कव्हर कुठाय."

ओट्यावरचं पातेलं उतू गेलं. मालूने उठून गॅस बंद केला.

"मग तुमी चावी न्यायला लागलात," चंद्रावती म्हणाली. "मला वाटलं, राग गेला की परत आणाल. दोन महिने वाट बघितली. मग सोडून दिलं."

"पण शिकलीस कशाला? काही अडलं होतं का आपलं?"

"काय अडलं नव्हतं. मला चालवायची होती." तिने माझ्या हातातून लायसन घेतलं. "रोज पुसायची मी. आरसे, काचा, चाकं. एक दिवस वाटलं, ही चालवता आली पायजे. बस. तुमाला नाय वाटलं होतं तसं?"

वाटलं होतं. अगदी तसंच वाटलं होतं. गाडी घ्यायच्या आधी सहा महिने मी त्या साहेबाच्या गाडीकडे जाता-येता बघायचो. असं तिलाही वाटू शकेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आज मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो याचा. गाडी चोरून चालवल्याचा नव्हे.

त्या दिवशी दुपारी मी जेवलो नाही. संध्याकाळी कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. आल्यावर तिला म्हणालो, "चंद्रा, बादलीचं चुकलं माझं." ती म्हणाली, "बादली फुटली नव्हती." आणि पानं घ्यायला गेली. मग मागे वळून म्हणाली, "पण बरं केलंत, बोललात."

पुढच्या रविवारी मालूच्या गाडीतून आम्ही काशीबाईकडे गेलो. गाव खारेपाटातलं, बांधाला लागून. जगन रस्त्यावर येऊन उभा होता. काशीबाईने चंद्रावतीला बघितलं आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. धोंडुबाई दहा वर्षांपूर्वी वारली होती. मरेपर्यंत ती बाईची चौकशी करायची, असं काशीबाई म्हणाली. मी कव्हराबद्दल विचारलं. "ते जगनला पांघरलं, त्याच्या भैनीला पांघरलं, मग उंदरांनी खाल्लं," ती म्हणाली. आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "तुमी कोन?" मी सांगितलं, "मी गाडीवाल्या बाईंचा नवरा." त्यांनी मला चहा दिला.

जगनने चंद्रावतीच्या पायावर डोकं ठेवलं. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "लई रडत होतास बाबा. मी घाबरून दुसऱ्या गिअरमध्येच पेणपर्यंत आणली गाडी."

परत येताना मालू म्हणाली, "आई, लायसनची मुदत संपली. नवीन काढायचं?"

"आता काय, गो. गुडघ्यानं क्लच दाबत नाय."

"माझ्या गाडीला क्लचच नाहीये."

चंद्रावतीने मान पुढे काढून मालूच्या पायांकडे बघितलं. "नाय? मग डावा पाय काय करतो?"

"काही नाही. नुसता बसून राहतो."

चंद्रावती हसली नाही. ती नागोठण्यापर्यंत मालूच्या पायांकडेच बघत होती.

मार्चमध्ये तिचं शिकाऊ लायसन निघालं. मे महिन्यात पेणच्या आर.टी.ओ.त परीक्षा झाली. मैदानावर पंचवीस-तीस कॉलेजची मुलं रांगेत आणि त्यांच्यामध्ये एकोणसाठ वर्षांची चंद्रावती, पदर खोचून. मी कुंपणाबाहेर उभा होतो. पंचेचाळीस वर्षं मी गाड्या बघतोय, कंपनीत फोर्कलिफ्टही चालवला, पण अशी गाडी मागे घेताना मी कोणाला बघितलं नाही. एकदाही आरशात दोनदा बघितलं नाही तिने. इन्स्पेक्टरने कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली. माझं तोंड उघडंच राहिलं होतं. शेजारच्या एका मुलाने विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?"

घरी येताना गाडी तिने चालवली. मालू मागे, मी पुढे. वडखळच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती. एक ट्रक अंगावर आल्यासारखा आला तेव्हा मी दोन्ही पाय जमिनीवर दाबले. चंद्रावतीने शांतपणे गाडी बाजूला काढली.

"पाय सरळ ठेवा," ती म्हणाली. "तिकडं ब्रेक नाय."